आधी रेडा, मग पखाल

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, आणि घोडनदीत शाहनवाजच्या घराण्याला अजून पखालीच म्हणतात. आता कुठली पखाल आणि कुठलं काय! शाहनवाजचा आजा रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल टाकून नदीचं पाणी घरोघर घालायचा, त्याला साठ-सत्तर वर्षं होऊन गेली. बाप बद्रुद्दीन नगरपालिकेत पाणी सोडायला होता. आळीआळीतल्या चाव्या फिरवून त्याचं मनगट वाकडं झालं. शाहनवाज काचा पुसतो. म्हणजे तिसरी पिढीही पाण्यातच. पण नाव चिकटलं ते चिकटलं. गावानं एकदा नाव ठेवलं की ते मेल्यावरही सुटत नाही, पोरांना लागतं.

काचा पुसणं म्हणजे घरच्या खिडक्या नव्हेत. रांजणगावच्या एमआयडीसीत कंपन्यांच्या इमारतींना समोरून तीन-तीन, चार-चार मजले नुसती काच असते. साहेबाला ऊन लागू नये पण साहेबाचा थाट रस्त्यावरून दिसावा, अशी सोय. ती काच पुसायची म्हणजे गच्चीवर दोर बांधायचा, दोराला पाट, पाटावर माणूस, आणि माणसाच्या हातात बादली. बारा वर्षं शाहनवाजनं हे काम केलं. जोडीला सतीश, दौंडचा, रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा. एक वर दोर सांभाळणार, दुसरा खाली उतरणार. दुसऱ्या दिवशी उलट. बारा वर्षांत दोघांचं एकदाही वाजलं नाही. सख्ख्या भावांत असं कुठं बघायला मिळतं?

तीन वर्षांपूर्वी, मार्चात, उतरायची पाळी सतीशची होती. त्या इमारतीवर दोर बांधायचे हूक गच्चीच्या पलीकडच्या टोकाला होते. तिथून बांधायचं तर खाली जाऊन लांबचा दोर आणावा लागला असता. अर्धा तास गेला असता. आणि इथं हाताशी पाण्याचा एक लोखंडी पाइप उभा होता, मनगटाएवढा जाड. शाहनवाजनं दोर पाइपला बांधला, दोनदा ओढून बघितला आणि हाक दिली, "जाऊ दे!" पाइप बुडात गंजला होता. सतीश तिसऱ्या मजल्यावरून पडला, आणि कमरेखालचं सगळं गेलं.

दवाखान्यात चौकशीला आलेल्यांना सतीशनं सांगितलं, "पाय घसरला माझा." कंत्राटदाराला ते बरंच झालं, त्यानं संध्याकाळच्या आत पाइप बदलून टाकला. शाहनवाज खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत होता. त्यानं तोंड उघडलं नाही. सतीशला पाइपचं माहीत होतं की नव्हतं, हे त्याला कळेना, आणि विचारायची छाती होईना. त्याऐवजी त्यानं सतीशचा हात धरला आणि म्हणाला, "धंदा करीन तर तुला संगं घिऊनच करीन." माणूस खरं बोलायचं टाळतो तेव्हा शब्द फार मोठा देतो.

त्या दिवसापासून शाहनवाज उंचावर गेला नाही. घरच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवरूनसुद्धा तो परत खाली उतरायचा. गावातल्या दुकानांच्या काचा, दागिन्यांच्या पेढ्या, मोबाइलवाले, जमिनीवरून हात पोचेल तेवढं पुसायचं. आणि दर रविवारी मोटरसायकल काढून न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, पाटस करत दौंड गाठायचं. सतीशची दाढी करायची, त्याला आंघोळ घालायची, त्याची बायको नीलम वाढेल ते दोघांनी एका ताटात जेवायचं. तीन वर्षांत एक रविवार चुकला नाही. आळीतले लोक म्हणायचे, मैत्र असावं तर असं. शाहनवाज ते ऐकून विषय बदलायचा.

मग गेल्या पावसाळ्यानंतर त्यानं पुण्यात एक नवल बघितलं. चार मजली इमारत, आणि काच पुसणारा माणूस जमिनीवर! हातात लांबलचक हलकी काठी, टोकाला ब्रश, काठीतून पाणी वर चढतंय, आणि पाण्याची नळी बाजूला उभ्या असलेल्या गाडीत. गाडीत टाकी. दोर नाही, पाट नाही, गच्ची नाही. पाणीसुद्धा साधं नाही, गाळून गाळून क्षार काढलेलं, वाळलं तरी काचेवर पांढरा डाग राहत नाही. शाहनवाज तासभर उन्हात उभा राहिला. काठीवाल्याकडं त्याचं लक्ष फारसं नव्हतंच. गाडीच्या दारात एकजण बसला होता. पंप चालू करायचा, बंद करायचा, नळी सोडायची, गुंडाळायची. सगळं बसून. एकदाही त्याला उठावं लागलं नाही. शाहनवाजला रडू आलं, आणि ते लपवायला तो रस्ता ओलांडून पलीकडं गेला.

इथून गाडी शोधणं सुरू झालं. चौफुल्याला जुन्या गाड्यांचा धंदा करणारा शंभू होता. जिभेला हाड नाही, पण व्यवहाराला सरळ.

"न्यायचं काय हाय?" शंभूनं विचारलं.

"पाणी. पाचशे लिटरची टाकी बसवायची."

"मंग छोटा हत्ती घ्या. पाचशे लिटर म्हंजी पाच क्विंटल, कांद्याच्या धा पिशव्या. हत्ती हासत नेईल."

शाहनवाजनं छोट्या हत्तीची केबिन बघितली. उंच. सतीशला उचलून तिथं चढवायचं म्हणजे दोन माणसं लागतील, आणि रोज. शिवाय पंप मागं उघड्यावर, सतीश पुढं केबिनमध्ये. मग त्यानं करायचं काय, हॉर्न वाजवायचा?

"माणूस बी न्यायचाय," तो म्हणाला. "त्याला चालता येत न्हाई. दार सरकवलं की चाकाच्या खुर्चीवरनं सरळ आत घेता यावा, आन् बसल्या जागी पंपाला हात पोचावा."

"मंग ही व्हॅन. बुटकी हाय, दार सरकतंय, मधली सीट हाय. पण मामा, हिच्यात पाच क्विंटल पाणी आन् वर माणसं टाकली तर पाटे बसतील. तुम्हाला पाणी न्यायचंय का माणूस?"

"दोन्ही."

"मंग दोन गाड्या घ्या," शंभू म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

पुढचे पंधरा दिवस शाहनवाजच्या डोक्यात हाच हिशोब. लिटरला किलो, किलोला लिटर. सतीशचं वजन बासष्ट. म्हणजे सतीश घरी राहिला तर बासष्ट लिटर पाणी जास्त. काच पुसताना, दुकानदाराशी बोलताना, नमाजाला उभा राहिल्यावरसुद्धा त्याच्या डोक्यात सतीश लिटरमध्ये मोजला जायचा, आणि त्याची त्याला शिसारी यायची. शेवटी त्यानं व्हॅन घेतली. शंभूनं तिच्या तळाला, मधल्या सीटच्या मागं, टाकी बांधायला चार लोखंडी कड्या वेल्डिंग करून दिल्या.

टाकी मात्र घ्यायची ती पाचशेचीच घेतली. वजनाच्या मानानं तीनशेची पुरली असती, पण आमच्या भागातल्या माणसाला लहान टाकी विकत घेणं जमतच नाही. उन्हाळ्यात चार दिवसांआड नळ बघितलेला माणूस तो. मोठी घेऊ, कमी भरू, असं त्यानं ठरवलं.

टाकी अंगणात उतरली तेव्हा बद्रुद्दीन ओट्यावर बसला होता. घरातलं बोलणं दखनी, पण मी ते मराठीतच सांगतो.

"कमी भरून नेणार?" म्हातारा म्हणाला. "तुझा आजा आधी रेड्याची पाठ बघायचा, मग पखाल शिवायचा. अर्धी पखाल कधी लादायचा नाही. भरलेली गप बसते, रिकामी गप बसते. अर्धी हिंदकळते आणि जनावराला पाडते."

"अब्बा, गाडी आहे ही. रेडा नाही."

बद्रुद्दीननं टाकीकडं बघितलं, मग मुलाकडं जरा जास्त वेळ बघितलं. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला," तो म्हणाला आणि आत गेला.

शाहनवाजला वाटलं, म्हातारा गाडीला नावं ठेवतोय.

रांजणगावच्या एका कंपनीनं मंगळवारी काच पुसून दाखवायला बोलावलं होतं. त्याआधी रविवारी सतीशला गाडीत बसवायचं, दौंडातच एखाद्या भिंतीवर पाणी उडवून हात बसवायचा, असं ठरलं. शनिवारचा सगळा दिवस पाणी गाळण्यात गेला. ते यंत्र थेंबाथेंबानं गाळतं. बायको बुशरानं जुन्या सतरंजीचे दोन रुंद पट्टे शिवले, सतीशला सीटला धरून ठेवायला. रविवारी सकाळी शाहनवाजनं तीनशे लिटर भरलं आणि टाकी बांधायला गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पलीकडची पुढची कडी टाकीच्या बुडाखाली दबली आहे. कडी मोकळी करायची तर टाकी सरकवायला हवी. सरकवायची तर रिकामी करायला हवी. शनिवारचं सगळं पाणी ओतून द्यायचं? पखाल्याच्या घरात? घोडनदीत कुणी तांब्याभर पाणी उगाच ओतलं तरी शेजारीण डोळे वटारते. त्यानं टाकीचे तीन पट्टे तीन कड्यांना बांधले, आणि चौथा मधल्या सीटच्या पायाला. दोनदा ओढून बघितला. घट्ट होता.

दौंडात सतीश दारात तयार बसला होता. अंगात कंपनीच्या कामाचा जुना निळा शर्ट, इस्त्री केलेला. तीन वर्षांत शर्ट सैल झाला होता, म्हणून नीलमनं बाजूनं टाके घातले होते. कुरकुंभच्या कंपनीत ती पॅकिंगला जायची; रविवार तिचाही सुट्टीचा.

"शानू, नळी सोडायची कशी ते आदी दाव," सतीश म्हणाला. सलाम नाही, कसा आहेस नाही. त्याचे डोळे गाडीवर होते.

शाहनवाजनं त्याला खुर्चीवरून सीटवर घेतलं. बुशराचे पट्टे छातीवरून, मांडीवरून आवळले. गाठ बघितली. परत बघितली. चारदा बघितली. नीलम म्हणाली, "भावजी, पुरे की, काय बैल बांधताय का!" आणि तिघंही हसले. त्या घरात तिघांचं एकदम हसू तीन वर्षांत उमटलं नव्हतं. सतीशनं हात मागं नेऊन पंपाचं बटण दाबलं, पंप घुरघुरला, आणि तो लहान पोरासारखा ओरडला, "चाललं की रं!"

दोघं निघाले. रेल्वेच्या बाजूनं रस्ता पुढं साखर कारखान्याकडं वळतो. सतीश खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांना हात करत होता. वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली. भरधाव वगैरे काही नव्हती, आपली रडतखडत रस्ता ओलांडत होती. शाहनवाजनं ब्रेक दाबला.

गाडी थांबली, पाणी थांबलं नाही. अर्ध्या टाकीतलं पाणी एकदम पुढं आलं, टाकीला घेऊन आलं, चौथ्या पट्ट्यानं सीटचा पाय ओढला, आणि जुन्या सीटचे बोल्ट तळातून उपटले. सीट आडवी झाली. सतीश सीटला इतका पक्का बांधला होता, की तोही सीटबरोबर आडवा झाला. दार आणि सीटच्या मध्ये, तोंड खाली.

शाहनवाजनं दार सरकवलं. ऊसवाला खाली उतरून आला, दोघांनी मिळून सीट उचलली. कोपर खरचटलं होतं, कपाळाला टेंगूळ. "आणखी कुठं लागलं का?" शाहनवाज ओरडला. "पायाला लागलं का?"

"मला कसं कळनार?" सतीश म्हणाला. "तूच बघ."

शाहनवाजनं त्याची पॅन्ट वर सारली. डाव्या नडगीवर बोटभर लांब चीर पडली होती आणि रक्त वाहत होतं. सतीश तिकडं बघतही नव्हता. त्याला काही जाणवतच नव्हतं. तो मागं बघत होता, तुटलेल्या सीटच्या पायाला अजून लटकत असलेल्या पट्ट्याकडं.

ऊसवाल्यानं पाण्याची बाटली दिली, ट्रॉली बाजूला घेतली आणि तो निघून गेला. शाहनवाजनं रुमाल फाडला आणि पाय बांधायला घेतला.

"टाकी कशाला बांधली हुतीस?" सतीशनं विचारलं.

"सीटला."

"आन् ह्या कड्या कशाला केल्यात?"

"एक कडी टाकीखाली गेली हुती. पाणी ओतून द्यावं लागलं असतं."

सतीशनं मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं. "त्या दिशी बी हूक पलीकडंच हुता," तो म्हणाला.

शाहनवाजच्या हातातून रुमालाचं टोक सुटलं. तीन वर्षं जे ऐकायची भीती होती ते उन्हात, रस्त्याच्या कडेला, अगदी साध्या आवाजात ऐकू आलं.

"तुला ठावं हुतं?"

"पाटावर बसताना बघितलं की. म्हनलं, शानूनं बांधलंय, बघूनच बांधलं आसंल."

"मंग पाय घसरला म्हनून का सांगितलंस? माझं नाव का न्हाई घेतलंस?"

सतीशनं तोंड फिरवलं. "खरं सांगितलं आसतं तर तू परत आला नसतास. तोंड दावायला लाजला आसतास. म्या वळखतो तुला. पाय तर गेलंच हुतं, तू बी गेला आसतास तर म्या काय करायचं हुतं, सांग? भिंतीसंगं बोलायचं?" त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "बांधायला काय बी बांध रं, पन येत जा."

शाहनवाजला त्या क्षणी बापाचं बोलणं लख्ख कळलं. म्हातारा गाडीबद्दल बोललाच नव्हता. दोर नको म्हणून काठी आणली, गच्ची नको म्हणून व्हॅन आणली, पाट नको म्हणून सीट आणली. आणि बांधणारा हात तोच राहिला. हाताशी जे येईल त्याला बांधणारा, दोनदा ओढून बघून स्वतःची समजूत घालणारा. रोग त्याला होता, आणि तो औषध टाकीला लावत हिंडला.

सतीशला पुढच्या सीटवर घेऊन, बैलगाडीच्या चालीनं दोघं घरी आले. नीलमनं सतीशचा पाय बघितला आणि हळद आणायला आत गेली. टाकी रिकामी केल्याशिवाय गाडी शिरूरपर्यंत नेणं धोक्याचं होतं. शाहनवाजनं कॉक उघडला. शनिवारभर गाळलेलं पाणी मातीत चाललं, तेव्हा नीलम हंडा घेऊन बाहेर आली. "वाया कशाला घालवताय?" असं म्हणून तिनं हंडा धारेखाली लावला, मग बादली, मग शेजारणींना हाका मारल्या. बघता बघता आळीतली सगळी भांडी भरली. पखाल्याच्या नातवानं दौंडात घरोघर पाणी घातलं, असं एरवी कुणी म्हटलं असतं तर सतीश हसला असता.

निघताना सतीश म्हणाला, "मंगळवारचं राहू दे. रविवारी ये."

"येतो," शाहनवाज म्हणाला.

मंगळवारी तो रांजणगावला गेला नाही. व्हॅन पाबळच्या एका भाजीवाल्यानं विकत नेली. टाकी अंगणात राहिली. गच्चीवर चढवायची तर शाहनवाजला शिडी चढावी लागली असती. बद्रुद्दीन नमाजाआधी तिच्या पाण्यानं हातपाय धुऊन वजू करतो आणि त्या विषयावर एक शब्दही काढत नाही. बापानं शिव्या दिल्या असत्या तर शाहनवाजला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी त्यानं मोटरसायकल काढली. न्हावऱ्याला चहाला थांबला. तीन वर्षं तो दौंडला जात होता ते सतीशला काही माहीत नाही या आशेवर. सगळं माहीत असलेल्या माणसाची दाढी कशी करायची? गळ्यावर वस्तरा ठेवताना तो माणूस डोळे मिटून मान वर करणार, जसा त्या दिवशी पाटावर बसला होता. चहा संपला. दुसरा मागवला. तो संपल्यावर शाहनवाज शिरूरला परतला.

त्याच्या पुढच्या दोन्ही रविवारी तेच झालं. न्हावऱ्याचा चहावाला आता न विचारता दोन कप टाकतो.

चौथ्या रविवारी तो तिथंच बाकावर बसलेला असताना फोन वाजला. नीलमचा.

"भावजी, हे सकाळधरनं दारात बसल्यात. जेवन बी थांबवलंय. दाढी किती वाढलीया, मला करू देत न्हाईत. म्हनत्यात शानू येईल. येताय न्हवं?"

मागून सतीशचा आवाज आला, "इच्यार, कुठवर आलाय."

शाहनवाजनं डोळे पुसले.

"निघालोय, वहिनी," तो म्हणाला. "पारगावचा पूल ओलांडला. आलोच."

त्यानं फोन खिशात घातला, चहाचे पैसे दिले आणि मोटरसायकल शिरूरकडं वळवली.